मदत हवी आहे: फ्लोरिडातल्या खटल्यात ‘स्टँड युअर ग्राउंड’ खरंच वापरला गेला का, हे कुठल्या कागदावरून कळतं?

अमेरिकेतल्या स्वसंरक्षण कायद्यांच्या वार्तांकनावर लेख लिहितेय. अडलंय ते फ्लोरिडाच्या २००५च्या ‘स्टँड युअर ग्राउंड’ कायद्यापाशी (जिवाला धोका असेल तर आधी माघार न घेताही बळ वापरायची मुभा देणारा कायदा). ट्रेव्हॉन मार्टिन या निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला गोळी घालून मारणारा जॉर्ज झिमरमन २०१३मध्ये निर्दोष सुटला तेव्हा ‘या कायद्यामुळे सुटला’ असं कितीतरी ठिकाणी छापून आलं. प्रत्यक्षात बचाव पक्षाने त्या कायद्याखालची खटलापूर्व सुनावणी (खटलाच चालू नये म्हणून घेतली जाणारी) मागितलीच नव्हती. पण ‘कायद्याचा काहीच संबंध नव्हता’ हेही खरं नाही: ज्यूरीला दिलेल्या सूचनांमध्ये ‘माघार घेण्याचं बंधन नाही’ हे वाक्य होतं. दोन्ही बाजूंनी अर्धवटच सांगितलं गेलं, याचा त्रास होतो. (एनबीसी या वृत्तवाहिनीने झिमरमनने पोलिसांना केलेल्या फोनचा तुकडा दाखवताना मधला वर्णाबद्दलचा प्रश्न कापला, त्यामुळे तो वर्णाबद्दल आपणहून बोलला असं वाटलं. ते प्रकरण माहीत आहे, ते नकोय.)

फ्लोरिडाच्या कायद्यातली कलम ७७६.०१२ (स्वसंरक्षणासाठी बळाचा वापर) आणि ७७६.०३२ (अशा वापरासाठी खटल्यापासूनच संरक्षण) वाचलीत, ७७६.०३२ची २०१७ची दुरुस्तीही. बातम्या चाळल्या, पण त्या एकमेकींचेच हवाले देतात. पैसे भरून वापरायचा कायदेविषयक डेटाबेस परवडणार नाही. कायदा चांगला की वाईट, ही चर्चा इथे नको.

फ्लोरिडाच्या इतर खटल्यांत आरोपीने ७७६.०३२खाली संरक्षण मागितलं होतं, की खटल्यात फक्त नेहमीचा स्वसंरक्षणाचा बचाव घेतला, हे ओळखायला कोर्टाच्या नोंदींत नेमका कोणता अर्ज किंवा आदेश शोधायचा, आणि तो बाहेरच्या माणसाला फुकट कुठे पाहता येतो?