पहिली नोकरी: पगार किती ते बघायचं, की कुणाच्या हाताखाली ते?

साचेवाली (कोल्हापूर)

माझा मावसभाऊ गडहिंग्लजचा. यंदा जूनमध्ये त्याची मेकॅनिकलची डिग्री झाली. परवा माझ्याकडे आला होता, जेवता जेवता म्हणाला, "ताई, मन रमेल असं काम पाहिजे. चुकीच्या ठिकाणी चिकटलो तर तिकडंच अडकून पडीन." त्याच्यापुढे तीन वाटा आहेत. एका मोठ्या आयटी कंपनीचं ऑफर लेटर आहे, वर्षाला ३ लाख ३६ हजार, पण जॉइनिंगची तारीख दोनदा पुढं गेली आहे. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून सुटे भाग करायच्या कारखान्यात, क्वालिटीला घेतायत, हातात १७ हजार. आणि तिसरी वाट, मित्रांबरोबर पुण्यात खोली घेऊन एमपीएससी. मावशी म्हणते आयटी, काका म्हणतात एमपीएससी. घरात रोज यावरून वादावादी.

मी त्याला जे सांगितलं तेच इथं मांडते. पहिली नोकरी धरताना पगार आणि कंपनीचं नाव यांच्या आधी एक गोष्ट बघावी: आपण कुणाच्या हाताखाली असणार. मन रमेल असं काम कुणी आयतं ताटात वाढून देत नाही. हात बसला की मन रमतं, आणि हात बसायला शिकवणारं माणूस लागतं.

मी २०१४ साली इथल्याच एका फाउंड्रीत ट्रेनी म्हणून लागले. पगार ९ हजार. कॉलेजात मार्क चांगले होते, पण पहिल्या महिन्यातच कळलं की आपल्याला काही येत नाही. सँड प्लँटवर, म्हणजे साच्यांची वाळू तयार होते तिथं, एक मामा होते. शिक्षण सातवी, पण सगळा प्लँट त्यांच्या शब्दावर चालायचा. लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी ते मिक्सरखालची मूठभर सँड घ्यायचे, दाबायचे आणि मूठ उघडायचे. बोटांचे ठसे नीट उठलेत का, तळव्याला चिकटतेय का, ते बघायचे. मग तो गोळा मधोमध मोडायचे. कडा ताठ राहिल्या तर ठीक. भुरभुरल्या तर ओल कमी, साचा ढासळून धातूत सँड जाणार. चिकटली तर पाणी जास्त, वाफ अडकणार आणि कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, ब्लो होल (आत पोकळी) पडणार. मला म्हणायचे, "आधी हातानं सांग, मग मशीनला विचार."

दोन महिने रोज मी मूठ दाबून ओल किती टक्के तो आकडा सांगायचे, मग टेस्टरवर बघायचे. रोज चुकायचे. ऑगस्टमध्ये एका सकाळी, पावसाची झड लागलेली असताना, मी ४.१ म्हटलं आणि टेस्टरवर ४.२ आलं. मामांनी नुसती मान हलवली आणि टेस्टरकडे न बघता ऑपरेटरला पाणी कमी करायला सांगितलं. माझ्या शब्दावर! त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे काम माझं आहे. पगार तेव्हाही ९ हजारच होता.

म्हणून मी भावाला शिरोलीच सांगितलं. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा. मला त्याला नीट सल्ला द्यायचा आहे.

हडपसरकर

ताई, मामांचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला, पण सल्ला पटला नाही. एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही. मुलावर शैक्षणिक कर्ज आहे का?

माझ्यावर होतं, ४ लाख. कोर्स संपल्यावर साधारण एक वर्ष बँक थांबते, पण व्याज थांबत नाही. साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला पावणेसात हजारांच्या आसपास हप्ता बसतो, आणि साठलेलं व्याज त्यात धरलेलं नाही. १७ हजारांतून तो वजा करा. उरलेल्या सव्वादहा हजारांत खोली, मेस, पेट्रोल. घरी काय पाठवणार? आणि आजारपण आलं तर?

मी २०१९ ला आयटीत लागलो. सपोर्टचं काम, रात्रपाळी, तिकीट, म्हणजे ग्राहकाची तक्रार, आलं की उत्तर द्यायचं. कामात मन रमलं असं मी म्हणणार नाही. पण पहिला हप्ता माझ्या खात्यातून गेला तेव्हा वडील बार्शीत बँकेत जाऊन पासबुक छापून घेऊन आले आणि त्या ओळीवर बोट ठेवून आईला दाखवत बसले. आईनं फोन करून सांगितलं. त्याआधी तीन वर्षं ते त्या बँकेच्या दारावरून जायचं टाळत होते. मला समाधान कशात मिळालं ते मी सांगितलं. ते सँडच्या मुठीपेक्षा कमी आहे असं मला वाटत नाही.

आवडीचं काम तिसऱ्या-चौथ्या वर्षी शोधता येतं. कर्जाचा हप्ता चुकला तर त्याची नोंद सिबिलला (कर्जफेडीच्या रेकॉर्डला) राहते, आणि पुढं घरासाठी कर्ज मागायला गेलात की ती समोर येते.

दुसरी_शिफ्ट

हडपसरकरांशी सहमत, आणि कारण वेगळं आहे. ताई, मामा भेटले हा तुमच्या नशिबाचा भाग होता. तुम्ही त्यांना बघून नोकरी धरली नव्हती, नोकरी धरल्यावर ते भेटले. मग मुलानं निवडताना बघायचं काय?

मीही "शिकायला मिळेल" या एका शब्दावर भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागले होते. नेमणूकपत्र नाही, "कशाला कागद, आपण घरचीच माणसं" असं उत्तर. पीएफ पगारातून कापायचे. चार महिन्यांनी यूएएनवर (पीएफच्या खातेनंबरवर) पासबुक उघडलं तर त्यात एकही एन्ट्री नव्हती. दुसऱ्या शिफ्टला बायकांसाठी स्वच्छतागृहाला कुलूप असायचं आणि चावी ऑफिसात, ऑफिस सहाला बंद. आठव्या महिन्यात सोडलं तर अनुभवपत्र मिळालं नाही. म्हणजे कागदोपत्री ते आठ महिने मी घरीच बसून होते. पुढच्या इंटरव्ह्यूला "गॅप का?" या प्रश्नाचं उत्तर देताना मी रडले आहे.

मोठ्या कंपनीत निदान स्लिप मिळते, पीएफ जमा होतो, तक्रार कुठे करायची ते ठरलेलं असतं. पहिल्या नोकरीत मुलीसाठी तर हे आधी, शिकणं नंतर.

बोरू (सातारा)

सगळी चर्चा इंजिनिअरांची चालली आहे. मी बीए, इतिहास. आमच्यापुढे तीन वाटा नसतात, एखादी मिळाली तरी खूप. मला २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एका सरकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात काम मिळालं. पदवीधराला महिना १० हजार, तेव्हा सहा महिन्यांसाठी. काम म्हणजे रुमाल (जुन्या कागदांची कापडी गाठोडी) सोडायचे, कागद झटकायचे, नोंद करून परत बांधायचे. पहिल्या आठवड्यात धुळीनं ताप आला.

त्या कागदांत अर्धे मोडी लिपीत होते, आणि कार्यालयात मोडी वाचणारा एकही माणूस नव्हता. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून लोक जुने कागद घेऊन यायचे आणि तसेच परत जायचे. एक आजोबा तीनदा आले. मी त्यांच्यासाठी म्हणून मोडीच्या वर्गात नाव घातलं. ज्यांनी मोडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. शब्द कुठे संपला ते आपण ओळखायचं. सुरुवातीला एक ओळ लावायला मला तास लागायचा.

योजना संपली, नोकरी गेली. आजोबांचा कागद मात्र मी लावला. तो नोंदीचा नव्हताच, त्यांच्या पणजोबांनी विहिरीच्या पाण्याची पाळी वाटून दिल्याचा करार होता. वाचून दाखवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आज मी वकिलांना आणि जमीनवाल्यांना मोडी कागद लावून देतो. कधी महिना २५ हजार, कधी ८.

मला शिकवणारा कुणी मामा नव्हता आणि पगारही नव्हता. म्हणून दोघांनाही विरोध. समोर आलेल्या कामात कुणाचं काय अडलंय ते बघा. माझी वाट तिथून निघाली.

हडपसरकर

बोरू, मनापासून कौतुक. पण ८ हजारांच्या महिन्यात हप्ता कोण भरतो, एवढं सांगा.

बोरू (सातारा)

माझ्यावर कर्ज नाही. बीएची फी वडिलांनी दुधावर भरली. तुमचा मुद्दा मान्य. कर्ज असतं तर मी मोडीपर्यंत पोचलो नसतो.

चावडीवरून

तिसऱ्या वाटेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी तलाठी आहे. हल्ली पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून तलाठीच म्हणतात. २०२३ च्या भरतीत लागलो. ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. सदाशिव पेठेतल्या आमच्या खोलीत पाच कॉट होते. पाचांतला मी एकटा लागलो. आणि काम मला आवडतं. अतिवृष्टीनंतर पंचनाम्याला चिखलात उतरतो तेव्हा शेतकरी माझी वाट बघत असतो, याची किंमत पगारात मोजता येत नाही. त्यामुळे मुलाच्या मनात खरंच हे असेल तर त्याला झटकून टाकू नका.

पण मित्र चाललेत म्हणून जाऊ नये. खुल्या वर्गाला वयोमर्यादा ३८ आहे, आणि तीच घातक ठरते. "अजून वय आहे" म्हणत माझ्या शेजारच्या कॉटवरचा मित्र बत्तीसचा झाला. हुशार होता, माझ्यापेक्षा जास्त. त्यात २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, जुने लोक पुन्हा पहिल्या पानावर आले. परवा त्यानं फोनवर विचारलं, "आता फ्रेशर म्हणून मला कोण घेईल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जायचं असेल तर किती प्रयत्न देणार तो आकडा घरी सांगून, कागदावर लिहून जावा.

साचेवाली (कोल्हापूर)

सगळ्यांचे प्रतिसाद भावाला वाचून दाखवले. हडपसरकर, तुमचा प्रश्न मी विचारायलाच हवा होता. कर्ज आहे, अडीच लाख. मला माहीतच नव्हतं, मावशीनं कधी सांगितलं नाही. तुमच्याच हिशेबानं हप्ता सव्वाचार हजारांच्या आसपास बसतो. भाऊ माझ्याकडे राहील, खोली-मेसचा खर्च नाही, म्हणून १७ हजारांत जमतं. पण हे माझ्या घरामुळं जमतं. ज्याला कोल्हापुरात बहीण नाही त्याला मी तोच सल्ला देऊ शकत नाही, हे मान्य करते. २०१४ मध्ये माझ्यावरही कर्ज नव्हतं. नऊ हजारांचा अभिमान मला परवडला, तो त्यामुळं.

दुसरी_शिफ्ट, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. मामा आधी दिसत नाहीत हे खरं, पण थोडा अंदाज घेता येतो असं मला अजूनही वाटतं. इंटरव्ह्यू झाल्यावर "शॉप फ्लोअर बघू का?" म्हणून विचारावं. नाही म्हणाले तर तेच उत्तर. या जागेवर आधी कोण होतं आणि तो आता कुठे आहे, हेही विचारावं. आणि चहाच्या सुट्टीत गेटबाहेरच्या टपरीवर गेल्या वर्षीचा ट्रेनी गाठावा. त्याला पगार विचारू नये, "रिजेक्शन आलं की साहेब काय करतात?" एवढंच विचारावं. जिथं साहेब ओरडून निघून जातात तिथं काही शिकायला मिळत नाही. खराब निघालेला तुकडा घेऊन कापून बघतात, तिथं मिळतं.

कागदाचं म्हणाल तर शंभर टक्के तुमच्या बाजूनं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यात नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. "घरची माणसं" हे उत्तर आता चालत नाही.

आयटीबद्दल मात्र माझं मत तेच आहे. तारीख दोनदा पुढं ढकललेल्या ऑफरच्या भरवशावर घरी बसू नये. आली तारीख तर तेव्हा बघू.

दुसरी_शिफ्ट

टपरीवरचा प्रश्न लिहून ठेवते, धाकट्या बहिणीला उपयोगी पडेल. एक राहिलं. फाउंड्री बाँड मागतेय का, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरीन असं लिहून घेतेय का? "बाँड कोर्टात टिकत नाही" असं मुलं एकमेकांना बिनधास्त सांगतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांचा बाँड आणि दोन लाखांची अट वैध ठरवली आहे. प्रत्येक बाँड तसाच टिकेल असं नाही, पण वाचल्याशिवाय सही नको. आणि मूळ मार्कशीट कुणाच्याही हातात ठेवायची नाही, झेरॉक्स द्यायची.

साचेवाली (कोल्हापूर)

बाँड आहे, दीड वर्षाचा. रक्कम लिहिलेली नाही, मोकळी जागा सोडली आहे. हे मी बघितलंच नव्हतं. सोमवारी तो शिरोलीला चाललाय, मीही रजा टाकून बरोबर जाते. आकडा भरून घेतल्याशिवाय सही होणार नाही.

हडपसरकर

जाताना हप्त्याचं वेळापत्रकही बरोबर ठेवा. सहा महिन्यांनी पगार किती वाढवणार ते नेमणूकपत्रात लिहून मागा. १७ चे १९ झाले तरी मुलाचा अर्धा हप्ता निघतो. सोमवारी काय झालं ते इथं नक्की लिहा.