चित्रकलेच्या वर्गात दिव्यांग आणि इतर मुलांच्या जोड्या लावाव्यात का?

कुडाळचा_चित्रकार:
मी कुडाळात मुलांचे चित्रकलेचे क्लास घेतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक नवीन वर्ग सुरू करायचाय, एक दिव्यांग मूल आणि एक बाकीचं मूल अशी जोडी, दोघांनी मिळून एकच काम करायचं. पालकांच्या ग्रुपवर टाकलं तर काहीजण खूश, बरेच गप्प, आणि एकाने सरळ लिहिलं की अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा आहेत ना. मला हे पटत नाही. चित्रात सगळ्यांचं उत्तर सारखं यायची गरजच नसते, मग निदान तिथे तरी वेगळं कशाला बसवायचं? 2016 चा दिव्यांग हक्क कायदा पण सर्वसमावेशक शिक्षणच सांगतो.

रत्नागिरीकर_बाबा:
कायदा पूर्ण वाचा सर. 6 ते 18 वयाच्या, किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे आणि यातलं काय घ्यायचं ते त्याने निवडायचं, असं त्यात आहे. म्हणजे वेगळी शाळा हा काही गुन्हा नाही. माझी मुलगी यंदा इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसतेय, दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात, आठवड्यातून जेमतेम एकदा क्लास, त्यात तिने दुसऱ्याला सांभाळायचं तर तिचं स्थिरचित्र कधी व्हायचं? आणि विशेष शिक्षकाचं ट्रेनिंग नसलेल्या एका माणसाने सगळ्यांकडे बघायचं हे त्या दिव्यांग मुलावरच अन्याय आहे.

मालवणची_आई:
माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. दादा, "सांभाळायचं" हा शब्द वाचून वाईट वाटलं खरं, पण ट्रेनिंगचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्याला शाडूची ओली माती हाताला लागली की सहन होत नाही, मिक्सर लावल्यासारखा गोंगाट झाला की तो टेबलाखाली जातो, आणि सावंतवाडीचं लाखेचं गुळगुळीत खेळणं दिलं की तासभर हातात फिरवत बसतो. हे ज्याला माहीत नाही तो म्हणणार मूल ऐकत नाही. एक शांत कोपरा ठेवा, आधी काय नंतर काय याची चित्रं भिंतीवर लावा, मला वर्गात बसू द्या, मग मी आणेन त्याला.

वेंगुर्ल्याचा_मी:
माका ह्यां पटलां नाय. मला लहानपणापासून ऐकू येत नाही. शाळेत माझी पण जोडी लावायचे. जोडीदार चांगला मुलगा होता पण त्याचं काम काय तर मला हाताला धरून बसवायचं, रंग काढून द्यायचे, आणि चित्र अर्धं राहिलं की तोच पुरं करायचा. बक्षीस मिळालं की फोटो दोघांचा. माझी रेघ कुठची होती ते कुणी विचारलंच नाही! चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी पन्नाशीत पूर्ण गेली तरी त्यांनी पुढे कागद कापून कोलाज केले, शांतिनिकेतनात टाइल्सचं म्युरल केलं. चित्रकार सतीश गुजरालना लहानपणीच ऐकू येईनासं झालं होतं. त्यांच्याकडे कुणी दयेने बघितलं असतं तर काय झालं असतं? जोडी म्हटली की एक देणारा आणि एक घेणारा होतोच, म्हणून माझा विरोध.

कुडाळचा_चित्रकार:
तुमचं वाचून मी जोडीचा विचार परत केला, पण सोडला नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये हेच मांडलं होतं की नुसतं शेजारी बसवून पूर्वग्रह जात नाही, दोघांचा दर्जा सारखा हवा आणि काम दोघांचं मिळून एक हवं. आपल्याकडची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, बघा ना. एकजण माती मळतो, एकजण साच्यात दाबतो, कुणी जोड पुसून गुळगुळीत करतो, आखणी करणारा वेगळाच, आणि तिथे कुणी कुणाचा मदतनीस नसतो. ज्याला दिसत नाही त्याला साच्याच्या जोडाचा उंचवटा बोटाला लागतो, तो रंगाच्या आत लपायच्या आधी त्याने पकडायचा. किंवा आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीसारखं, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगतात तसं, एकाने गोष्ट रचून सांगायची आणि दुसऱ्याने चित्रं काढायची, पुढच्या वेळी जमेल तसं उलट. दुसऱ्याच्या कागदावर हात लावायचा नाही हा नियम पहिल्या दिवशीच सांगणार. परीक्षेचा सराव वेगळ्या दिवशी घेईन, त्यासाठी हा वर्ग अडवणार नाही.

रत्नागिरीकर_बाबा:
सराव वेगळा असेल तर माझी अर्धी तक्रार गेली. विशेष शिक्षकाचं मात्र तुम्ही उत्तर दिलं नाहीत. मुलगी विचारत होती जोडीदार तिला निवडता येईल का, मी म्हटलं विचारतो.

मालवणची_आई:
आणि क्लास वरच्या मजल्यावर आहे का? व्हीलचेअरवाल्या मुलांचं काय करणार?

कुडाळचा_चित्रकार:
आहे वरती, आणि लिफ्ट नाही. खाली एक हॉल भाड्याने मिळतोय तो बघतो, तो मिळेपर्यंत सुरू करणार नाही. विशेष शिक्षक महिन्यातून दोनदा येतील असं एकांशी बोलणं चाललंय, ते पुरेसं नाही हे मान्य. जोडीदार मुलांनीच निवडायचा, दोन्ही बाजूंनी. वेंगुर्लेकर, तुम्ही याल का?

वेंगुर्ल्याचा_मी:
मदतीला नाही येणार. शिकवायला येईन, मानधन ठरवून. आणि पहिले दोन तास सगळ्या मुलांना, ऐकू येणाऱ्यांना पण, खुणांची भाषा. तुमच्यासकट.

कुडाळचा_चित्रकार:
चालेल. मानधनाचं मेसेजवर बोलू, वेंगुर्ल्याहून यायचा एसटीचा खर्च वेगळा धरा.