गाडीत पिस्तूल: टेक्सास ते मेन
प्रश्न: डॅलसहून मेनला गाडीने जायचंय. ग्रीन कार्ड, टेक्सासचं हँडगन लायसन्स दोन्ही आहे. पिस्तूल कमरेला ठेवलं तर?

– टेक्सासमध्ये चालेल. होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) कडक, ट्रिगर पूर्ण झाकणारं हवं. सीटबेल्ट शर्टाखालून घ्या, नाहीतर पिस्तुलाची मूठ अडकते. सीटखाली सुटं नकोच. ब्रेक मारला की घरंगळतं, घाईत उचलताना बोट ट्रिगरवर जातं. पोलिसांनी ओळखपत्र मागितलं तर लायसन्सही दाखवा, हात स्टिअरिंगवर.

– खरी अडचण पुढे. न्यू जर्सी, न्यूयॉर्क बाहेरचं परमिट मानत नाहीत. त्याआधीच रिकामं करून, गोळ्यांसह डिकीत कुलपात. डिकी वेगळी नसेल तर कुलूपबंद पेटी. ग्लोव्ह बॉक्स त्यात धरत नाहीत. त्या राज्यांत मुक्काम टाळा.

– एच-१बीवाल्यांनी हे वाचून उत्साहात येऊ नये. शिकारीच्या लायसन्ससारखे अपवाद सोडता त्यांनी बंदूक बाळगणंच अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा.