दोन वर्षांच्या मुलाचे अल्कलाइन फॉस्फेटेज ३१०: काळजीचे कारण आहे का?

प्रश्न (इंदूर): माझ्या दोन वर्षांच्या मुलाच्या रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फेटेज ३१० आले असून अहवालात त्यापुढे ‘जास्त’ असा शेरा आहे. यकृताचा विकार तर नसेल ना?

उत्तर: अहवालात छापलेली मर्यादा प्रौढांची आहे का, हे आधी पाहावे. वाढत्या हाडांतील पेशी हे विकर (एन्झाइम) तयार करतात, त्यामुळे लहान मुलांत ते प्रौढांच्या दुप्पट-तिप्पट असणे स्वाभाविक आहे. एएलटी, जीजीटी आणि बिलिरुबिन या यकृताशी संबंधित रक्ततपासण्या योग्य असतील, तर यकृताविषयी शंका घेण्यास फारसा आधार उरत नाही.

दुसरे उत्तर: ताई, पाय वाकलेले किंवा मनगटे रुंद दिसत असतील, तर मात्र कॅल्शियम, फॉस्फरस व ड जीवनसत्त्व अवश्य तपासावे. मुडदूस (मुलांची हाडे मऊ होण्याचा आजार) वेळीच ओळखला पाहिजे.

प्रश्नकर्ती: मर्यादा प्रौढांचीच आहे. तरीही बालरोगतज्ज्ञांना अहवाल दाखवते.