फुकट जेवण म्हणजे गरिबी?
अमेरिकेतल्या ज्या शाळेत शंभर टक्के मुलांना फुकट जेवण, तिथली सगळी मुलं गरीब, असं कुणीतरी म्हटलंय. नाही पटत. मुळात दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलं तर फुकट, १८५ पर्यंत सवलतीत. म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वर असलेली मुलंही त्यात आलीच.

शिवाय २०१४-१५ पासून देशभर लागू झालेल्या तरतुदीचा कुणी विषयच काढला नाही. फूड स्टॅम्पसारख्या (गरिबांना अन्नखरेदीसाठी सरकारी मदत) योजनांमुळे परस्पर, म्हणजे वेगळा अर्ज न करताच, पात्र ठरलेली मुलं ४० टक्के असली, की शाळा अर्ज न मागवता सरसकट सगळ्यांना जेवू घालू शकते. २०२३ मध्ये ही अट २५ टक्क्यांवर आली. (चांगलंच झालं, फुकट जेवतो म्हणून चिडवाचिडवी तरी थांबते.) गरिबी बघायचीच तर परस्पर पात्र मुलांची टक्केवारी बघा, अर्थात कागदपत्रांच्या भीतीने अशा योजनांकडे न फिरकणाऱ्या स्थलांतरितांची मुलं तीतूनही निसटतात.