वन बीएचके, दोन बजी आणि नॉनस्टिक तवा: पिंजरा ठेवायचा कुठे?

पूर्वा_कल्याण

नमस्कार मंडळी. लेकीच्या वाढदिवसाला तिच्या मामाने कुणाला न विचारता बजीची, म्हणजे छोट्या पोपटांची, जोडी आणून दिली. (दुकानदार लव्हबर्ड म्हणत होता. ते बजी आहेत हे नंतर कळलं.) एक हिरवा, एक निळा. लेकीने नावं ठेवलीत पेरू आणि शाई.

घर वन बीएचके. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात दार नाही, मध्ये नुसता ओटा. पिंजरा सध्या फ्रिजवर आहे. काल शेजारच्या काकू आल्या, मी डोसे घालत होते. तवा बघून म्हणाल्या, "अगं, या तव्यानं पाखरं मरतात." मला वाटलं व्हॉट्सअ‍ॅपवरचं काहीतरी असेल, पण रात्रभर डोक्यातून जाईना. खरंच असं असतं का? आमच्याकडे डासही भयंकर, संध्याकाळी कॉइल लावावीच लागते. शिवाय दसऱ्यानंतर घराला रंग काढायचाय. पाखरांना नेमकं काय काय बाधतं, कुणी अनुभवाचं सांगेल का?

टूलरूमवाले_काका

पूर्वाताई, काकू बरोबर सांगतायत. तवा नुसता घरात असल्याने काही होत नाही, रिकामा तापला की होतं.

मी ३१ वर्षं टूलरूममध्ये काढली. भट्टीवर धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर अजून घरी आहे (करोनात कपाळासमोर धरायचे तो नव्हे). तो एकदा हिच्या डोशाच्या तव्यावर धरला. मोठा बर्नर, तवा कोरडा, हिला बहिणीचा फोन आला. दोघींचं ख्यालीखुशालीतून सुनेपर्यंत पोचेस्तोवर आकडा २८०च्या पुढे. त्या काळ्या थराचं नाव पीटीएफई, आपण सरसकट टेफ्लॉन म्हणतो. साधारण २६० अंशांपर्यंत तो टिकतो, त्याच्या वर गेला की सुटायला लागतो. जे वायू निघतात त्यांना वास असेलच असं नाही. माणसाला फार तर अंगात कसकस आल्यासारखी होते. पाखराच्या फुप्फुसात मात्र रक्त उतरतं आणि बघता बघता खेळ आटोपतो. त्यावर उतारा नाही.

पाखरालाच का, तर त्याची श्वासाची घडणच वेगळी. आपण हवा आत घेतो आणि त्याच वाटेने बाहेर सोडतो. पाखरांच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते. श्वास घेतानाही ताजी, सोडतानाही ताजी. उडायला लागणारा प्राणवायू असा मिळतो, पण हवेत विष असेल तर तेही तितक्याच झपाट्याने भिनतं. इंग्लंडात १९११ पासून थेट १९८६ पर्यंत कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी न्यायचे ते याचसाठी. तो पडला की माणसं बाहेर पळायची. तुमचा पेरू तर ३०-४० ग्रॅमचा.

तेव्हा बिडाचा तवा काढा. डोसा पहिले चार दिवस चिकटेल, मग तुम्हीच नॉनस्टिक विसराल. हाच थर अप्पेपात्र, सँडविच टोस्टर, एअर फ्रायरची टोपली आणि काही इस्त्र्यांच्या तळालाही असतो, तेही बघून घ्या. आणि फोडणी करपली की होणारा धूरही त्यांना सोसत नाही, मग कढई लोखंडी असो की स्टीलची. म्हणून फ्रिजवरून पिंजरा आजच हलवा. तुमच्या घरात एकच जागा दिसते, बेडरूम. खिडकीजवळच्या भिंतीला, पण दिवसभर ऊन पडेल अशी नको. स्वयंपाक करताना ते दार लावायचं.

कॉइल बंद. लिक्विडही पिंजऱ्याच्या खोलीत नको. खिडक्यांना जाळी मारून घ्या, आणि रात्री पिंजऱ्यावर मच्छरदाणीचं कापड, चार बोटं लांब राहील असं टांगून. टेकलं तर कुरतडून सुताचे धागे करतील आणि पाय अडकवून घेतील. उदबत्ती, धूप, कापूर, रूम फ्रेशनर, फिनेल, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, सगळं त्यांच्यापासून लांब.

पण हे सगळं मी नंतर शिकलो. माझा पक्षी धुराने नाही गेला, पंख्याने गेला.

सोन्या नावाचा कॉकाटिल (तुरेवाला छोटा पोपट) होता, ९० ग्रॅमचा जीव. माझ्या खांद्यावर बसून पेपरच्या कडा कातरायचा. ऑक्टोबरातली दुपार, लाइट गेलेली. पंखा थांबलेलाच आहे म्हणून मी निवांत त्याला बाहेर सोडला. तो उडून पंख्याच्याच पात्यावर जाऊन बसला, तिथे त्याला आवडायचं. वीसेक मिनिटांनी लाइट आली. बटण चालूच होतं. पंखा हळूहळू फिरायला लागतो, तसा तो बिचकून उडाला आणि मी सुटकेचा श्वास टाकला. त्याने हॉलमध्ये एक फेरी मारली आणि सवयीने परत त्याच जागी बसायला गेला. तोवर पंखा पाचवर. मी बटणापासून तीन पावलांवर होतो.

त्यानंतर वर्षभर पिंजरा रिकामा ठेवला. आता दोन बजी आहेत. त्यांना बाहेर काढायचं असलं की आधी पंख्याचं बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावतो, लाइट असो नसो. खोलीच्या दाराला बाहेरून लाल रुमाल बांधतो, म्हणजे घरातलं कुणी धाडकन दार उघडत नाही. आरशावर चादर, खिडकीची काच बंद करून पडदा ओढलेला. ही म्हणते ऑपरेशन थिएटर केलंय. म्हणू दे.

जाता जाता पिंजऱ्याबद्दल, कारण तो माझा प्रांत. नवीन जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) जाळीचा असेल तर तारेवर जस्ताचे बारीक गोळे, कोंब राहिलेले असतात, जुना झाला की पांढरी भुकटी येते. हे पक्षी दिवसभर तार चावतात, जस्त पोटात जातं. विष्ठा हिरवी-पातळ होते, पक्षी फुगून बसतो. व्हिनेगर लावून तारेच्या ब्रशने घासा, कोंब कानसून काढा, चार पाण्यांनी धुवा. जोडावर डाग दिलेला असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो पिंजरा घेऊच नका. जमलं तर स्टीलचा घ्या, महाग पडतो पण एकदाच.

आजोळ_देवरुख

काका, लिहिलंय छान, पण जरा जास्तच होतंय असं नाही वाटत? आमच्या आजीचा पोपट पडवीत होता. खाली चूल, संध्याकाळी धूप, शिमग्याला होळीचा धूर. पोपट वीस वर्षं जगला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या द्यायचा. आता बिडाचे तवे आणि ऑपरेशन थिएटर!

टूलरूमवाले_काका

देवरुखकर, पडवीला भिंती किती होत्या? वर कौलं, तीन बाजू मोकळ्या. धूर आला तसा गेला. पूर्वाताईंच्या खिडक्या स्लायडिंगच्या आणि ओट्यापासून पिंजरा सहा फुटांवर. आणि आजीच्या चुलीवर नॉनस्टिक नव्हतं.

पोपटाचं म्हणाल तर तो किस्सा इथे लिहिलात तेवढा पुरे. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मुनियासुद्धा. बजी मूळचे ऑस्ट्रेलियातले म्हणून चालतात.

डोंबिवली_फास्ट

पाण्याचं कुणीच लिहिलं नाही म्हणून. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, त्यामुळे मोरीत पिंप कायम भरलेलं. आमची बजी पिंपाच्या काठावर बसायला गेली आणि आत. गुळगुळीत प्लास्टिक, नखं लागेनात. मी कपडे भिजवायला गेले म्हणून दिसली. तेव्हापासून पिंप, बादली, कमोड, सगळ्यावर झाकण. उकळत्या चहाच्या पातेल्यावरसुद्धा.

आणि खाण्याचं: लेकीला सांगून ठेवा, अ‍ॅव्होकाडो आणि चॉकलेट तर विषच. चहा-कॉफी, कांदा-लसूण, फरसाण, चिवडा काहीही नको. राळा, बाजरी, धुतलेली मेथी-कोथिंबीर, समुद्रफेस. बस.

पूर्वा_कल्याण

सगळ्यांचे आभार. काका, सोन्याचं वाचून लेक पंख्याकडे बघत बसली होती. रात्री तिनेच बटणावर चिकटपट्टी लावली, आता आम्ही उकाड्यात झोपतोय.

पिंजरा बेडरूममध्ये गेला. तवा सासूबाईंकडून बिडाचा आणला, पहिल्या डोशाचा भुगा झाला. रंगारी सोमवारी येतोय. म्हणाला, "वास नाही येत हो ताई, आजकालच्या रंगाला." तर पिंजरा आठवडाभर बदलापूरला जाऊबाईंकडे ठेवावा म्हणते. त्यांच्याकडे मांजर आहे, पण फार गरीब आहे, कुणाला काही करत नाही.

अजून एक, काही झालंच तर ताबडतोब काय करायचं?

टूलरूमवाले_काका

आधी दुसरं. तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, श्वासाबरोबर शेपटी खालीवर होतेय किंवा पिंजऱ्याच्या तळाला बसलाय, तर वाट बघू नका. गॅस बंद करून त्याला त्या हवेतून बाहेर काढा. बुटाच्या खोक्याला भोकं पाडा, आत मऊ कापड टाका आणि उबेत, अंधारात ठेवा. तोंडात पाणी, मध, तेल काही घालू नका, ठसका लागून त्यानेच जाईल. आणि सरळ पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे. तो डॉक्टर आजच शोधून ठेवा, कुत्र्या-मांजरांचे सगळेच पक्षी बघत नाहीत. मुंबईत कुणी नाहीच मिळालं तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, तिथे पक्षीही बघतात.

रंगाचं: ऑइल पेंट आणि थिनर असेल तर आठवडाही कमीच. भिंती वाळल्या तरी वास पूर्ण जाईपर्यंत आणू नका.

आणि ताई, मांजर गरीब बघून पाखरू ठेवू नका. त्याने पकडून मारायलाच हवं असं नाही. पंजा तारेतून आत घालून नुसतं ओरबाडलं तरी पुरतं. मांजराच्या तोंडातले, पंजावरचे जंतू पाखराच्या रक्तात गेले की एक-दोन दिवसांत पक्षी जातो, जखम टाचणीएवढी असली तरी. तेव्हा डॉक्टरांकडून अँटिबायोटिक लगेच सुरू करावं लागतं. जाऊबाई नकोत.

पूर्वा_कल्याण

मग ज्याने आणले त्याच्याकडेच पाठवते. भाऊ ठाण्याला एकटा राहतो, स्वयंपाक करत नाही, मांजर नाही. पंख्याचं मी स्वतः जाऊन बघते.