मेथिओनिनची मात्रा वाढवण्याबाबत
ब्रॉयलरच्या (मांसासाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या) खाद्यात मेथिओनिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) जितके अधिक तितकी वाढ अधिक, हे मत अर्धेच खरे आहे. मका आणि सोयाबीन पेंडीच्या खाद्यात सर्वांत आधी तुटवडा पडतो तो याच अमिनो आम्लाचा. तो भरून निघेपर्यंत वजन सुधारते, पण गरज भागल्यावर जादा भाग शरीरात साठून न राहता त्याचे विघटन होते आणि त्यातला नायट्रोजन यूरिक आम्लाच्या रूपाने विष्ठेतून बाहेर पडतो. अतिरेक झाल्यास पक्षी खाणे कमी करतात व वाढच खुंटते. या बाबतीत मेथिओनिन इतर अमिनो आम्लांपेक्षा अधिक अपायकारक मानले जाते. खाद्यात मिसळायचे मेथिओनिन कृत्रिम म्हणून भिण्याचे मात्र कारण नाही, कारण डीएल-मेथिओनिनमधील (डी आणि एल या दोन रूपांच्या कृत्रिम मिश्रणातील) डी रूपाचेही कोंबडीचे शरीर वापरता येणाऱ्या एल रूपात रूपांतर करून घेते.